सुट्या गोळ्या

आई दाताने गोळीचं पाकीट फोडत होती. भाऊबीजेची सकाळ होती. मी न्हाऊन ओसरीवर आले तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तोंडात त्या चंदेरी कागदाचा कोपरा होता. हात मांडीवर तसेच पडले होते. संधिवाताने तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, अंगठ्यात जोर उरला नव्हता. पाकिटातून गोळी दाबून काढणं तिला वर्षभरापासून जमत नव्हतं.

"वहिनींना हाक मारायची ना," मी म्हटलं.

"एका गोळीसाठी किती वेळा हाका मारू तिले? नळावर गेली ते."

मी पाकीट तिच्या हातून घेतलं, गोळी काढून दिली. मी तेव्हा अमरावतीला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिग्रससारख्या गावातून त्या शिक्षणाला गेलेली आमच्या नात्यातली मी पहिलीच. वडील मी बारावीत असताना गेले. त्यानंतर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला शिकवलं. तो तहसील कचेरीत कारकून होता. घरात आई, दादा, ललिता वहिनी आणि त्यांची सात वर्षांची स्वाती, एवढीच माणसं. सुट्टीत मी आले की शेजारपाजारचे लोक आपापल्या औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन यायचे. मी त्या वाचून दाखवायची. निम्म्या गोष्टी मला कळत नसत, पण तसं मी कधी म्हटलं नाही.

आईला नागपूरच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक मेथोट्रेक्सेट. ती संधिवाताची, जहाल. आठवड्यातून एकदाच, रविवारी, चार गोळ्या एकदम घ्यायच्या. दुसरी फॉलिक ॲसिडची. ती पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून, रविवार सोडून रोज एक. दोन्ही गोळ्या लहान, गोल आणि पिवळ्या. हे सगळं वहिनी सांभाळायच्या. रोज सकाळी कात्रीने पाकीट कापून त्या आईच्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि पाकिटं पुन्हा डब्यात नीट लावून ठेवायच्या. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. औषधाची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नसत, पण एका पाकिटावर लाल पट्टा आहे आणि दुसऱ्यावर हिरवा, हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

आईची ती अवस्था पाहून मला वाईट वाटलं, आणि आपण इतकं शिकून तिला साधी गोळी घेता येईल अशी सोय करू शकत नाही, याची लाजही वाटली. मी कॉलेजातून काचेच्या दोन रुंद तोंडाच्या बाटल्या आणल्या होत्या. त्या धुऊन पुसून ओसरीवर आणल्या, वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढायला बसले. एका बाजूला रविवारच्या, दुसऱ्या बाजूला रोजच्या. दोन्ही ढीग जवळपास सारखे होते.

वहिनी नळावरून आल्या. हंडा खाली ठेवून त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"ताई, पाकिटातच राहू द्या ना. बाहेर काढल्या की दोन्ही सारख्याच दिसतात."

"बाटलीवर लिहिणार आहे मी. आईला वाचता येतं."

"मी देत जाईन ना रोज. मला काही त्रास नाही त्याचा."

"वहिनी, मी हेच शिकते आहे," मी म्हटलं.

माझा आवाज चढलेला नव्हता. पण त्या हंडा उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा येऊन त्यांनी विचारलं, की रिकामी पाकिटं ठेवू की टाकू. मी टाका म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आणि त्यांची सून फराळाला आल्या. मी हात झटकून उठले. त्यांना बसायला जागा हवी म्हणून कोणीतरी तो कागद कोपऱ्यात सरकवला. आईने सरकवला की स्वातीने, मला माहीत नाही. अर्धा-पाऊण तास गप्पा झाल्या. त्यांची सून मला माझ्या कॉलेजचं विचारत होती आणि मीही खुलून सांगत होते. त्या गेल्यावर मी परत कागदाशी बसले. दोन ढीग तसेच होते. कुठला कोणता, हे आपल्याला ठाऊक आहे असं मला वाटलं. शंका आली असं आठवत नाही. मी बाटल्या भरल्या, चिकटपट्टी लावून एकीवर मोठ्या अक्षरांत 'रोज' लिहिलं, दुसरीवर 'रविवार'. आईने झाकण उघडून पाहिलं. तळव्याच्या दाबाने तिला ते जमलं, तेव्हा तिला झालेला आनंद मला अजून आठवतो. दादा बाहेरगावी होता, तो दुपारी आला. त्याने आईच्या उशाशी बाटल्या पाहिल्या, पण त्या कोणी भरल्या हे त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतले.

औषधशास्त्र आम्हाला भोयर सर शिकवायचे. हा विषय आमच्यासाठी नवीन होता आणि दिवाळीनंतर ते मुळापासून सुरुवात करत होते. ठेंगणे, सावळे, नेहमी खादीच्या शर्टात. ते फळ्यावर फार लिहीत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की या विषयात प्रश्न दोनच आहेत. औषध शरीराचं काय करतं, आणि शरीर औषधाचं काय करतं. बाकी सगळं याच दोन प्रश्नांतून निघतं. मग एके दिवशी अंगातल्या औषधाचं प्रमाण दाखवायला त्यांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या. खालच्या रेघेच्या खाली औषध असून नसल्यासारखं. वरच्या रेघेच्या वर ते विष. मधल्या पट्ट्यात आहे तोवर ते औषध. काही औषधांचा पट्टा रुंद असतो, माणूस चुकला तरी निभावतं. काहींचा इतका अरुंद असतो की एका दिवसाच्या जागी सात दिवस झाले तर माणूस हाती लागत नाही. उदाहरण म्हणून त्यांनी जी नावं घेतली त्यात मेथोट्रेक्सेट होतं.

मी हात वर केला आणि अभिमानाने सांगितलं की माझी आई ते घेते, आठवड्यातून एकदाच. सरांनी मान डोलावली. घरी नीट समजावून दिलं आहे ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी औषधांच्या नावांचा धडा घेतला. प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. एक त्याच्या रसायनाचं, एक जगभर चालणारं आणि एक कंपनीने ठेवलेलं. हे सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून एक पांढरी सुटी गोळी काढून टेबलावर ठेवली आणि ही कशाची ते सांगा म्हणाले. कोणी ताप म्हटलं, कोणी सर्दी. सर म्हणाले, "मलाही माहीत नाही. सकाळी कपाटात पडलेली सापडली. पाकीट गेलं की तिन्ही नावं गेली. अशी गोळी फेकून द्यायची."

मुलं हसली. मला मात्र एकदम आमची ओसरी दिसली. सरकवलेला कागद दिसला. दोन ढीग डोळ्यांपुढे आले आणि आता मला काही केल्या आठवेना की उजवीकडचा कोणता होता.

त्या दिवशी मी घरी पत्र लिहायला बसले. आमच्याकडे फोन नव्हता, पण दादाच्या कचेरीत होता. मी तिथे ट्रंककॉल करू शकत होते. बाटल्या लगेच फेकून द्या, नवीन गोळ्या आणा, माझी खात्री नाही, एवढं एका मिनिटात सांगून झालं असतं. मी ते केलं नाही. दादाला काय वाटेल, वहिनी काय म्हणतील, याचा मी विचार केला. आंतरदेशीय पत्रात मी अभ्यासाचं लिहिलं, थंडीचं लिहिलं, आणि शेवटी वहिनींना उद्देशून एक ओळ टाकली, की आई गोळ्या वेळेवर घेते ना, तिची तब्येत कशी आहे ते कळवा.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. अक्षर वहिनींचं होतं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढलेलं. आईचं तोंड आलं आहे, भात गिळता येत नाही. दोन दिवसांपासून ताप आहे. अंगावर काळेनिळे डाग उठलेत. इथल्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून औषध दिलं. आणि खाली लिहिलं होतं, 'गोळ्या तुम्ही बाटलीवर लिहून दिल्याप्रमाणे अजून मीच देते. एकही दिवस चुकवला नाही.'

मी मिळेल त्या एसटीने निघाले. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की आईला आदल्या दिवशीच यवतमाळला दवाखान्यात हलवलं आहे.

आईची खाट खिडकीशी होती. ओठ फुटून त्यांवर काळी खपली धरली होती. डोळे उघडे होते. मला पाहून तिने हात हलवला. दादा खाटेच्या एका बाजूला उभा होता, वहिनी पायाशी. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दादाला घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या होत्या आणि दादाने त्या दोन बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी दोन्ही बाटल्यांतली एक एक गोळी तळहातावर काढली, खिडकीशी नेऊन पाहिली, मग आत जाऊन कोणाला तरी दाखवून आल्या.

"रोजच्या बाटलीत रविवारची गोळी आहे," त्या म्हणाल्या. "महिनाभर रोज पोटात गेली आहे ती. रक्त तयार होणंच थांबलंय. उतारा नागपूरहून मागवलाय, पण उशीर झालाय. गोळ्या कोण देतं यांना?"

दादाने क्षणभरही विचार केला नाही. "ही देते," तो म्हणाला. "गोळ्या हिच्याच ताब्यात असतात."

डॉक्टरीणबाई वहिनींना रागावल्या नाहीत. नुसत्या पाहत राहिल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. कोणीतरी दुसरा आता बोलेल, म्हणून आपण थांबतो, तशा त्या थांबल्या होत्या. मी खाटेच्या दांडीला धरून उभी होते. गोळ्या मी भरल्या, हे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी आईच्या पांघरुणाची घडी सरळ केली.

दादा वहिनींना म्हणाला, "तुला लाल-हिरवंसुद्धा कळत नाही?"

वहिनी म्हणाल्या, "मी बाटलीवर वाचून देत होते."

दुपारी दादा रक्ताच्या सोयीसाठी गेला. वहिनी आईसाठी भाताची पेज करून आणायला ओळखीच्या घरी गेल्या. मी आणि आई दोघीच होतो. मी तिच्या उशाशी बसले आणि मला रडू आलं. मी तिला म्हटलं, "आई, बाटल्या मी भरल्या होत्या. दादा आला की मी सांगते."

आईला बोलायला फार त्रास होत होता. जीभ सुजली होती. तिने मान इकडून तिकडे केली आणि मला जवळ वाकायला खुणावलं.

"नोको सांगू," ती म्हणाली.

"आई, वहिनींवर..."

"तिचं सारं झालं आहे. लेकरू आहे, घर आहे. तिले कोण काढते?" ती थांबली, श्वास घेतला. "तुले उद्या लोकायले औषध द्याचं आहे. लग्न व्हाचं आहे. आईले मारलं म्हणतीन. नोको सांगू कुंदे. माही आण आहे तुले."

मी हो म्हटलं. तिने डोळे मिटले. मी मागे वळले तेव्हा दाराशी, बाहेरच्या बाकावर पेजेचा डबा ठेवलेला होता, फडक्यात बांधलेला. वहिनी पलीकडे नळाशी पेला विसळत होत्या.

आई चौथ्या दिवशी गेली. उतारा आदल्या दिवशी आला होता.

तेराव्याला नातेवाईक जमले. आजारपण कसं झालं, हे दादाने प्रत्येकाला सांगितलं. तो ओरडून सांगत नव्हता, थकलेल्या आवाजात सांगत होता, त्यामुळे ते जास्तच खरं वाटायचं. बायका वहिनींसमोर गप्प बसत आणि त्या पाणी आणायला उठल्या की बोलू लागत. मी त्या बायकांत बसलेली होते. एक मावशी मला म्हणाली, तू इथे असतीस तर असं झालं नसतं.

मी शिकत राहिले. पास झाले, पुढचं शिकले, लग्न झालं, अकोल्याला पदविका महाविद्यालयात नोकरी लागली. मला औषधशास्त्राचीच पहिली प्रकरणं शिकवायला मिळाली. औषध म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, औषध अंगातून जायला किती वेळ घेतं, ते पूर्ण जायच्या आत पुढची गोळी पडली तर काय होतं. मी ते चांगलं शिकवते असं मुलं म्हणत.

वर्षातून एक-दोनदा दिग्रसला जायची. घरात भांडण दिसत नसे. पण औषधांचा डबा दादाच्या कपाटात गेला होता आणि किल्ली त्याच्याकडे असे. एकदा स्वातीला खूप ताप होता आणि दादा कचेरीत होता. वहिनी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत चार तास बसल्या. दादा आला, त्याने कपाट उघडून औषध स्वतःच्या हाताने पाजलं. मी तेव्हा तिथेच होते. माझ्या पर्समध्ये तापाच्या गोळ्या होत्या. मी त्या देऊ केल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ताई. ते आल्यावर देतील."

अशी अकरा वर्षं गेली.

स्वाती बारावी झाली तेव्हा दादाने मला बोलावून घेतलं. तिला फार्मसीला घालायचं त्याच्या मनात होतं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. वहिनी दाराशी तांदूळ निवडत होत्या, स्वाती त्यांच्या पलीकडे. दादा खुशीत होता. तो म्हणाला, "हिला तुझ्यासारखी होऊ दे. स्वतःच्या आईसारखी अडाणी राहिली तर एखाद्याच्या जिवावर बेतायचं."

वहिनींचा हात तांदळात थांबलासुद्धा नाही. त्यांनी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, हे मला त्या न थांबलेल्या हातावरून कळलं.

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. बाटल्या, कागद, वहिनींनी नको म्हटलं होतं ते, रिकामी पाकिटं, भोयर सरांचा तास, मी न केलेला फोन. आईने आण घातली होती हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा निघत होता आणि तो मला बदलता येत नव्हता.

दादा माझ्यावर ओरडेल, घरातून जा म्हणेल, असं मला वाटलं होतं. पण त्याने मान वळवून वहिनींकडे पाहिलं.

"तू का नाही बोललीस?" त्याने विचारलं. अजूनही चूक तिचीच असल्यासारखं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही मला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं."

दादा उठून बाहेर गेला. स्वाती तिथेच बसून राहिली. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. संध्याकाळी दादा परत आला. जेवायला बसला, वाढलेलं जेवला. कपाटाची किल्ली त्याने देवळीत ठेवली. माफी मागितली नाही, किंवा माझ्यासमोर तरी मागितली नाही. स्वाती फार्मसीला गेली नाही. तिने शिक्षिकेचा कोर्स केला आणि वर्ध्याला नोकरी धरली. दोन वर्षांनी ती वहिनींना आपल्याकडे घेऊन गेली. दादा दिग्रसला एकटा राहिला.

मी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार होते. वहिनी चुलीपाशी माझ्यासाठी वाटेवरची भाकरी करत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. शेवटी मी म्हटलं की आईला वचन दिलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं लागली, मला क्षमा करा.

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"आई बोलत होत्या तेव्हा मी दाराशी होते," त्या म्हणाल्या. "पेज घेऊन आले होते. सगळं ऐकलं मी."

मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"आईंचा मला राग नाही आला. लेकीसाठी आई असंच बोलणार, मीही बोलले असते." त्यांनी भाकरी उलटली. "मला वाटलं होतं, तुम्ही त्यांचं ऐकणार नाही."